जुनिपरचं झुडूप आतून तपकिरी पडतंय, सांगलीत कुणी जगवलंय का?

वारणाई (सांगली) – 4 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आमचं घर विश्रामबागेत. गच्चीवर तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता असं नेहमीचं सगळं आहे आणि ते बरं चाललंय. अडलंय ते एका झाडापाशी.

दीड वर्षापूर्वी नर्सरीतून जुनिपरची दोन बुटकी झुडपं आणली. आडवी पसरणारी, निळसर हिरवी. हात फिरवला की बारीक सुया टोचतात आणि बोटांना नव्याने तासलेल्या पेन्सिलीचा वास राहतो. एक फाटकाजवळ जमिनीत लावलं, दुसरं 12 इंची कुंडीत. नर्सरीत सांगितलं होतं, रोज पाणी घाला, याला काही होत नाही. म्हणून मी रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालते.

दिवाळीपासून कुंडीतलं झाड आतून तपकिरी व्हायला लागलं. वाटलं जुनी पानं गळत असतील. पण आता एका बाजूची अख्खी फांदी शेंड्याकडून वाळक्या गवतासारखी झालीय. पाणी कमी पडतंय असं समजून गेले पंधरा दिवस संध्याकाळीही घालतेय. फाटकाजवळचं वरून ठीक दिसतं. सासूबाई म्हणतात ही मोरपंखीच आहे, मोरपंखीला एवढं काय बघायचं.

माझे वडील गेले त्या वर्षी ही झाडं आणली होती, त्यामुळे जीव अडकलाय. कुणी आपल्या भागात जगवलं असेल तर सांगा.

माळरान (सातारा) – 4 फेब्रुवारी

ताई, सगळ्यात आधी संध्याकाळचं पाणी बंद करा. सकाळचंही दोन दिवस थांबवा. बाकीचं नंतर बोलू.

आता दोन गोष्टी बघून सांगा. पाणी घातल्यावर कुंडीच्या खालच्या भोकातून किती वेळाने बाहेर येतं? आणि अगरबत्तीसारखी एक कोरी बांबूची काडी खोडाजवळ चार बोटं खोल खोचा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओली, काळपट निघाली की कोरडी?

मोरपंखीचं म्हणाल तर दोन्ही लांबची भावंडं आहेत, पण झाडं वेगळी. मोरपंखीच्या डहाळ्या वहीत दाबून ठेवल्यासारख्या चपट्या असतात आणि उभ्या पंख्यासारख्या राहतात. तिला शिंगं असलेली छोटी फळं लागतात, ती वाळली की उकलतात. जुनिपरची डहाळी चपटी नसते, चहूबाजूंनी भरलेली असते. फळ लागलंच तर निळसर, गोल, वर पांढरी राख धरलेलं, आणि ते उकलत नाही. सुया टोचतात म्हणजे तुमचं जुनिपरच.

वारणाई – 5 फेब्रुवारी

पाणी भराभर बाहेर येतं, कडेकडेने. म्हणून तर वाटत होतं की निचरा चांगला आहे. काडी मात्र टोकाला ओली निघाली, आणि तिला चिखल लागलाय. वरची माती कोरडी आहे. हे कसं?

द्राक्षवाला (तासगाव) – 5 फेब्रुवारी

धागा बघून राहवलं नाही. आमची बाग आहे द्राक्षाची, वीस वर्षं छाटणीत गेली. घरापुढं हौसेनं एक जुनिपर लावलं होतं. दोन वर्षांत अस्ताव्यस्त पसरलं, मधनं मोकळं पडलं. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी चालू होती, त्याच कात्रीनं जुनिपरलाही खाली जुन्या लाकडावर आणलं. वाटलं, वेल फुटतो तसं हे पण फुटंल. पावसाळा गेला, हिवाळा गेला. त्या दांड्यावर एक डोळा हलला नाही. शेवटी उपटलं.

मग कळलं ते असं. द्राक्षाच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात, खरड छाटणी त्यांना जागं करती. जुनिपरच्या उघड्या, पानं नसलेल्या लाकडात असं काही शिल्लक नसतं म्हणायला हरकत नाही. जिथं हिरवं आहे तिथंच पुढं फुटतं. म्हणून ताई, ती वाळकी फांदी बघून रागानं सगळं झाड खाली आणू नका. छाटायचं तर हिरव्यातल्या हिरव्यात, मागं थोडी पानं ठेवूनच.

काठावरचा वाईकर (वाई) – 5 फेब्रुवारी

मी गेली बरीच वर्षं बोन्साय करतो, त्यात जुनिपर सगळ्यात जास्त. सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः तीन झाडं गमावून शिकलो.

आधी तपकिरीपणाचं बघू. आतल्या बाजूची, खोडालगतची जुनी पानं तपकिरी होऊन झडणं हा या झाडाचा स्वभाव आहे. बाहेरच्या पानांची दाटी झाली की आत ऊन पोचत नाही आणि ती पानं जातात. दोन-तीन महिन्यांनी हाताने अलगद चोळून ती वाळकी पानं काढून टाकावीत, म्हणजे आत हवा खेळते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शेंड्याकडून वाळणं हा वेगळा प्रकार आहे. तिथे बहुतेक वेळा मुळं बोलत असतात.

दुसरी गोष्ट नीट लक्षात घ्या. हे झाड आपली अवस्था फार उशिरा दाखवतं. तुळस पाण्यावाचून दुपारी मान टाकते, संध्याकाळी पाणी दिलं की उठते. जुनिपर मान टाकत नाही. मुळं मेल्यावरही त्याचा हिरवा रंग काही आठवडे टिकतो. तुम्हाला फेब्रुवारीत दिसतंय ते डिसेंबरात झालेलं आहे. म्हणून रंग बघून पाणी द्यायचं ठरवू नका. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर गेली. आणि शेंडा दोन बोटांत धरून वाकवा. जिवंत शेंडा लवतो, मेलेला हिरवा असला तरी खरखरतो.

तिसरं, तुमच्या कुंडीत काय झालंय त्याचा माझा अंदाज. झाड दूरवर पाठवताना मुळांशी चिकणमातीचा गोळा दाबून बसवतात, म्हणजे प्रवासात ओल टिकते. आपण तो गोळा तसाच कुंडीत ठेवतो आणि भोवती हलकी माती भरतो. पाणी हलक्या मातीतून कडेकडेने निघून जातं, म्हणून निचरा झाल्यासारखं वाटतं. गोळा मात्र एकदा भिजला की आतून सुकत नाही. मुळं त्यात गुदमरतात. तुमच्या काडीने हेच सांगितलं.

शक्य असेल तर येत्या रविवारी झाड कुंडीतून काढून बघा. फेब्रुवारी यासाठी चांगला आहे, ऊन अजून तापलेलं नाही.

वारणाई – 8 फेब्रुवारी

काका, आज काढलं.

कुंडी आडवी करून कडेने सुरी फिरवली. भोवतालची माती भुसभुशीत होऊन खाली पडली आणि मध्ये नारळाएवढा काळा गोळा उरला. गुळगुळीत, आमच्या कृष्णाकाठच्या मातीचा असतो तसा. बोटाने दाबला तर खड्डा पडला आणि तो तसाच राहिला. वरच्या अर्ध्या भागात मुळं पिवळसर पांढरी होती. खालच्या भागातली काळी, आणि ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची, आत दोऱ्याएवढी तार उरायची. वास साचलेल्या गटारासारखा. दीड वर्ष मी याच्यावर रोज तांब्या ओतत होते.

आता गोळा पाण्याने धुऊन टाकू का?

काठावरचा वाईकर – 8 फेब्रुवारी

नको, पूर्ण धुऊ नका. मुळांसोबत उपकारक बुरशी राहते, तिचा जुनिपरला मोठा आधार असतो. सगळं धुऊन मुळं उघडी केली तर झाड खचतं.

बांबूच्या काडीने खालून आणि एका बाजूने गोळा हळूहळू मोकळा करा. काळी, सालटी निघणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. चांगल्या मुळांना हात लावू नका. वरच्या बाजूचा थोडा गोळा राहिला तर राहू द्या, तो पुढच्या वर्षी काढू.

भरण्यासाठी मी असं करतो. दोन भाग मुरूम आणि विटांचा चुरा, हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे, पीठ चाळून काढलेलं. एक भाग बागेतली माती. एक भाग मुरलेलं शेणखत. कोकोपीट मी यात घालत नाही, ते फार ओल धरतं. कुंडी मातीचीच घ्या, खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेली. खोड पूर्वी जेवढं मातीबाहेर होतं तेवढंच ठेवा. भरताना काडीने खोचत चला, पोकळी राहू देऊ नका.

नंतर भरपूर पाणी एकदाच. तीन आठवडे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशा जागी. घरात मात्र नाही. जुनिपर घरात कधीच ठेवायचं नाही, ते उघड्यावरचं झाड आहे. दोन महिने कुठलंही खत नको.

आणि फाटकाजवळच्या झाडाचीही साल खरवडून बघा.

द्राक्षवाला – 9 फेब्रुवारी

पाण्याचं मी सांगतो. आम्ही शेतकरी वाफसा बघतो, तेच इथं करा. दोन इंच खालची माती मुठीत दाबा. चिखल होऊन बोटातनं आली तर पाणी नको. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आहे, अजून एक दिवस थांबा. गोळाच होत नसंल तर पाणी द्या, आणि दिलं तर खालनं निथळून जाईपर्यंत द्या. रोज तांब्याभर हे प्रमाण कुठल्याच कुंडीला लागू होत नाही. जानेवारीत चार-पाच दिवस जातील, एप्रिलात एक दिवस पण जाणार नाही.

कुंडीच्या कडेला पांढरी खर धरलीय का? बोअरचं पाणी असंल तर धरणार. आपल्याकडं नदीकाठच्या किती जमिनी जादा पाण्यानं क्षारपड झाल्यात ते आपण बघतोयच, कुंडी म्हणजे तेच छोट्या मापात. महिन्यातनं एकदा कुंडीच्या मापाच्या दोन-तीनपट साधं पाणी आरपार जाऊ द्या, क्षार धुऊन जातील. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर त्याच्यासारखं औषध नाही.

वारणाई – 9 फेब्रुवारी

आहे ना दादा, बोटाने खरवडली तर मिठासारखी निघाली. नळाचं पाणी वापरते आता.

फाटकाजवळच्या झाडाची साल आतून हिरवी आहे. मात्र तिथे सगळी काळी माती आहे, आणि छपराचं पाणी पावसाळ्यात तिकडेच उतरतं.

काठावरचा वाईकर – 10 फेब्रुवारी

मग मे महिन्याच्या आत ते उचलून उंचवट्यावर बसवा. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तरी तो खड्डा विहिरीसारखा भरतो. खाली न जाता वर जायचं. एक फूट उंच वाफा, मुरूम घालून.

सज्जनगडची सई (सातारा) – 19 मार्च

वाचनखूण साठवली होती, आज कामाला आली. माझं जुनिपर गेल्या आठवड्यात धुरकट, मातकट दिसायला लागलं. पाणी बरोबर होतं. पांढरा कागद खाली धरून फांदी दोनदा झटकली, तर कागदावर टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके पडले आणि ते चालायला लागले. बोट फिरवल्यावर लालसर ओरखडा उठला. लाल कोळी. डहाळ्यांच्या बेचक्यात अगदी बारीक जाळीही होती.

एक दिवसाआड पहाटे नळीने पाण्याचा जोराचा फवारा खालून वर मारला, दहा दिवस. आता कागदावर क्वचित एखादा पडतो. उन्हाळ्यात दर रविवारी कागद धरून बघणार आहे.

द्राक्षवाला – 19 मार्च

अगदी बरोबर केलं ताई. पाण्यानं भागलं नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण उन्हाचा पारा 35 च्या पुढं असताना गंधक मारायचं नाही, पानं करपतात. आमची बाग पण करपती.

माळरान – 20 मार्च

आणि निळसर जातीवर तेलाचा फवारा टाळा, निंबोळी तेलाचासुद्धा. तो निळा रंग म्हणजे पानावरचं मेण असतं. तेलाने ते निघून जातं आणि झाड साधं हिरवं दिसायला लागतं. नवी पालवी येईपर्यंत तो रंग परत येत नाही.

टेबललँड (पाचगणी) – 28 मे

पाऊस तोंडावर आलाय म्हणून आमच्या बाजूचं लिहितो. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी, तरी चार महिने धुकं आणि ओल. थंडी जुनिपरला आवडते, त्यामुळे आमच्याकडे हिवाळ्यात ते फार सुंदर दिसतं. पण पावसाळ्यात शेंडेमर येते. कोवळे शेंडे आधी पिवळट, मग तपकिरी, मग राखाडी होतात. मेलेला आणि जिवंत भाग जिथे मिळतो तिथे नीट बघितलं तर काळे बारीक ठिपके दिसतात. ती बुरशी आहे, आणि ती फक्त नव्या कोवळ्या फुटीवर बसते.

म्हणून मी मेनंतर कात्री लावत नाही आणि नत्राचं खत देत नाही. दोन्हीमुळे नेमकी पावसात कोवळी फूट येते. झाडं जांभ्याच्या उतारावर, एकमेकांपासून हातभर लांब. आजारी शेंडे कोरड्या दिवशी कापून जाळतो, दर कापाला कात्री स्पिरिटने पुसतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) एक फवारणी.

नवीन_सदस्य_कराड – 2 जून

मध्येच विचारतो, माफ करा. जुनिपर म्हणजेच आयुर्वेदातली हपुषा ना? आमच्या झाडाला निळी फळं लागलीत. काढ्यात घालता येतील का?

काठावरचा वाईकर – 2 जून

घालू नका. हपुषा किंवा हाउबेर म्हणतात ते एका विशिष्ट जातीच्या जुनिपरचं फळ, ती हिमालयात होते. नर्सरीत मिळणाऱ्या शोभेच्या जाती निराळ्या आणि त्यांची नावं बहुधा सरमिसळ झालेली असतात. याच कुळातली सॅबिना नावाची जात विषारी आहे. आपल्या कुंडीतलं फळ पोटात घेऊ नये.

जातीचा विषय निघालाच आहे तर, घेताना नाव विचारून घ्या. ‘ब्लू स्टार’ ही फार देखणी, गुडघ्याएवढी निळी जात. हॉलंडमध्ये 1950 च्या सुमारास एका जुनिपरवर निराळीच दाट फूट आली, तिच्यापासून ती वाढवली. पण तिचं मूळ कुळ हिमालय आणि चीनच्या उंच थंड डोंगरातलं. पाचगणीत ती रमेल, सांगलीच्या एप्रिलात तिचे हाल होतात. सांगली, कराड, मिरजेकडे चिनी जुनिपरच्या जाती किंवा जपानी ‘प्रोकम्बेन्स नाना’ घ्या. नाना जमिनीलगत वीतभर उंचीची राहते. तिचं मूळ जपानच्या समुद्रकाठच्या खडकांवरचं, म्हणून ऊन-वारा सोसते. पाणी साचलेलं मात्र दोघींनाही चालत नाही.

वारणाई – 11 जुलै

फाटकाजवळचं गेलं.

उचलायचं मनात होतं. मे महिन्यात घराला रंग काढला, माणसं येत-जात होती, राहून गेलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस संततधार लागली आणि छपराचं पाणी बुडाशी घोट्याएवढं साचलं. पाणी ओसरल्यावर झाड हिरवंगार होतं. मी खूशही झाले. काल शेंडा वाकवला तर कागदासारखा खरखरला. खाली खरवडलं, आत कोरडं. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

कुंडीतलं जिवंत आहे. ती वाळकी बाजू गेलीच, पण उरलेल्या दोन फांद्यांवर फिकट पोपटी शेंडे आलेत, नखाएवढे. पाऊस लागला तशी कुंडी पत्र्याच्या कडेला सरकवली आणि खाली तीन विटांचे तुकडे ठेवले.

सज्जनगडची सई – 11 जुलै

फार वाईट वाटलं ताई. कुंडीतलं तेच बाबांचं झाड समजा.

काठावरचा वाईकर – 12 जुलै

वारणाई, मेलेली बाजू कापून टाकू नका. पाऊस संपला की तिची साल सोलून काढा, आतलं लाकूड उघडं करा आणि चुना-गंधकाचं द्रावण ब्रशने लावा, फक्त लाकडाला, मातीत पडू न देता. लाकूड पांढरं पडतं आणि कुजत नाही. जपानी बोन्सायवाले याला जिन म्हणतात. डोंगरकड्यावरच्या जुन्या जुनिपरांवर वीज आणि वारा हेच करतात. अर्धं पांढरं लाकूड, अर्धं जिवंत हिरवं, असं झाड शंभर वर्षं उभं राहतं. तुमच्या झाडाच्या अंगावर जे झालं ते लपवायची गरज नाही.

कलमं दिवाळीनंतर करा. यंदाच्या वाढीची, बोटभर लांबीची, बुडाशी किंचित तपकिरी झालेली डहाळी कात्रीने न कापता खाली ओढून काढायची, म्हणजे टाचेला जुन्या सालीचा तुकडा येतो. खालच्या अर्ध्या सुया काढा, मुळं फुटायची पूड लावा, धुतलेल्या वाळूत खोचा. वर पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. दोन-तीन महिने लागतात. रोज उपटून बघू नका, सगळे बघतात.

वारणाई – 16 नोव्हेंबर

आज बारा कलमं लावली. सगळी कुंडीतल्या झाडाचीच. ओढून काढताना टाचेशी आलेल्या सालीला तोच पेन्सिलीचा वास होता. सासूबाईंनी वाळू धुऊन दिली आणि पिशव्यांना भोकं पाडली. जिन केलेली फांदी पांढरी स्वच्छ झालीय, घरी येणारे आधी तिलाच हात लावतात.

कुंडी आता दोन्ही हातांनी उचलून वजनावरून पाणी ठरवते. हलकी लागली तरच.

फाटकाजवळ विटांचा एक फूट उंच वाफा बांधायला घेतलाय. छपराच्या पाण्याला पन्हळ लावून ते दुसरीकडे वळवलं. जगतील त्यातलं एक कलम पुढच्या वर्षी तिथे लावायचं आहे. मुरूम किती लागेल, सहा बाय तीन फुटांच्या वाफ्याला?

द्राक्षवाला – 16 नोव्हेंबर

सहा बाय तीन, एक फूट उंच, म्हणजे 18 घनफूट. त्यात निम्मा मुरूम धरा, नऊ-दहा घनफूट. चार-पाच पोती होतील. विकत घेऊ नका ताई. आमच्या बांधाला मुरूम पडलाय, पंधरा दिवसांनी मिरजेला यायचंय, टेम्पोत टाकून आणतो. चाळणी तेवढी तयार ठेवा.